दिवसभर सोबत, तरी बोलणं नाही! घरच्यांसाठी वेळ कसा काढायचा?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या वेळेचं नियोजन बघितलं. आज त्यातलाच एक भाग, जो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही: घरच्यांशी बोलायचा वेळ.

आपली, म्हणजे दुकानदारांची, अडचण नोकरदारांपेक्षा वेगळी आहे. वडील गल्ल्यावर, बायको पॅकिंगला, भाऊ माल आणायला. दिवसभर सगळे सोबतच. पण बोलणं काय होतं? "साखर संपली." "त्यांची उधारी आली का?" "जीएसटीचं झालं का?" हे निरोप झाले, गप्पा नाही. रात्री जेवतानाही तेच चालू.

आधी असं का होत नव्हतं?

१९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात बहुतेक दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं सक्तीचं होतं. म्हणून पाटीवर "सोमवार बंद" लिहिलेलं असायचं. त्या दिवशी पाहुणे, दवाखाना, देवदर्शन उरकायचं आणि बोलणंही व्हायचं. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. धंद्यासाठी चांगलंच झालं. हा कायदा जिथे पूर्ण लागू होतो, तिथे कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावीच लागते. मालकाची सुट्टी मात्र मालकानेच ठरवायची असते. आपण ती ठरवतच नाही.

मग करायचं काय?

१. मंदीचा तास शोधा. सात दिवसांच्या बिलांवरच्या वेळा किंवा यूपीआयची हिस्टरी बघा. गिऱ्हाईक कमी असतं असा एक तास सापडतोच. त्यातली वीस मिनिटं घरच्यांची.

२. एका वेळी एकच माणूस. आज आई, उद्या बायको, परवा मुलगा. सगळ्यांसमोर कोणी मनातलं बोलत नाही. लांब राहणाऱ्या बहिणीला फोन करायचा वारही ठरवून ठेवा.

३. त्या वीस मिनिटांत धंद्याचा विषय बंद. माल, रेट, उधारी काही नाही. मोबाइल सायलेंटवर.

४. प्रश्न बदला. "कसं चाललंय?" विचारलं की "बरं चाललंय" एवढंच उत्तर येतं. वडिलांना विचारा, "पहिला माल कुठून आणला होता तुम्ही?" मुलाला विचारा, "मधल्या सुट्टीत कोणासोबत डबा खाल्लास?" मग बघा, माणूस कसा खुलतो.

५. सीझनचं आधीच सांगा. दिवाळीत, लग्नसराईत हे जमणार नाही, हे घरच्यांनाही कळतं. पण सीझननंतरचा एक दिवस आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि तो पाळा. व्यापाऱ्याच्या पेमेंटची तारीख पाळतो तसा.

याने होतं काय?

माझ्या दुकानात दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नसते. तेव्हा मी आणि वडील मागच्या बाजूला चहा घेतो. एकदा जुन्या दुकानाच्या गोष्टी सांगता सांगता ते म्हणाले, "आता सकाळी शटर उचलवत नाही रे." गल्ल्यावर बसून ते हे कधीच बोलले नसते. मुलाला दुकानातून बाजूला काढतील की काय असं वाटू नये, तशीच वडिलांनाही ती भीती असते. दुसऱ्या आठवड्यापासून शटरचं काम पोराकडे दिलं. वडील दहा वाजता येतात, गल्ला त्यांचाच आहे.

दुकान पुढे कोण बघणार, कोणाला काय झेपत नाही, कोणाला दुसरंच काही करायचंय, हे सगळं अशा बोलण्यातूनच कळतं. ते वेळेवर कळलं तर घरही टिकतं आणि दुकानही.

या आठवड्याचा गृहपाठ: उद्या शटर उघडल्यावर वहीच्या पहिल्या पानावर दोनच गोष्टी लिहा: वेळ आणि माणसाचं नाव. बोहनी झाली की ती वेळ त्या माणसाला सांगून टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.