‘नजरेला नजर : समाधानकारक’

‘तुम्हाला ऑटिझम? अहो, किती छान बोलता तुम्ही!’ हे वाक्य मी पैसे मोजून ऐकलंय. पुण्यातलं नावाजलेलं क्लिनिक. भाचीचं निदान झालं तेव्हापासून डोक्यात जे घोळत होतं, ते मी सांगत होते आणि मॅडम घड्याळ बघत होत्या. लग्न झालंय, बँकेत नोकरी आहे, मुलगी दहावीला आहे, मग कसला ऑटिझम? पुढे तर माझ्याशी बोलणंच सोडलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘यांना जरा एखाद्या छंदात गुंतवा.’ अहो, मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते!

तपासणी म्हणजे एक छापील फॉर्म, तोही लहान मुलांचा. ‘शाळेत’ या शब्दावर पेनाने काट मारून वर ‘ऑफिसात’ लिहिलेलं. ‘इतर मुलांबरोबर खेळतो का?’ या प्रश्नाचं काय करायचं ते कुणाला सुचलं नसावं. तो तसाच कोरा.

अहवालात एक ओळ होती : ‘नजरेला नजर : समाधानकारक’. वाचून आधी हसू आलं, मग अंगाची आग झाली. त्या अख्ख्या वेळात मी मॅडमच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नव्हतं. मी त्यांच्या टिकलीकडे बघत होते. मरून रंगाची, एका कडेला जराशी सुटलेली. लहानपणी ‘मान वर करून बोल’ म्हणून आत्याची चापट बसायची, तेव्हा शोधलेली ही युक्ती. काउंटरवर दिवसभर तेच करते आणि घरी आले की न्हाणीघराचं दार लावून अंधारात बसते. हे त्यांनी विचारलंच नाही. माझं आयुष्यभराचं पाठांतर ऐकून पूर्ण मार्क दिले आणि त्याच मार्कांवर मला घरी पाठवलं.

बरं, मी काही जगावेगळं सांगत नव्हते. २०१३ साली आलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानाच्या पुस्तकातच लिहिलंय : लक्षणं लहानपणापासून हवीत, पण पुढे ती शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. मग मी दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘घरी गेल्यावर काय होतं?’ आईशी वेगळं बोलल्या, सविस्तर अहवाल दिला. निदान झालं. म्हणजे माझंच खरं होतं.

आता ज्यांना तपासणीला जायचंय त्यांच्यासाठी.

मोठ्या माणसांची तपासणी करता का आणि कशाने करता, हे फोनवरच विचारा. ‘एडॉस’ या चाचणीत व्यवस्थित बोलणाऱ्या प्रौढांसाठी वेगळा भाग आहे. तो नसला तरी चांगली तपासणी होऊ शकते, पण समोरच्याकडे काही उत्तरच नसेल तर फोन ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. काउन्सेलरची पाटी काय, कुणीही लावतं.

लहानपणाचा साक्षीदार न्या. आई नसेल तर मोठी बहीण, मामा, कुणीही. ‘मी लहानपणी कशी होते?’ विचाराल तर ‘गुणी होतीस’ एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा. लग्नघरात मी कुठे असायचे, म्हटल्यावर आईला आठवलं : बँड वाजायला लागला की मी गाद्या रचलेल्या खोलीत सापडायचे.

काय जमतं ते तर दिसतंच. ते जमवल्यावर पुढे काय होतं, ते घरून लिहून न्या. तिथे ऐनवेळी वाचा बसते.

इंटरनेटवरची ५० प्रश्नांची ‘एक्यू’ ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. चिंता, नैराश्य, एडीएचडी यांचीही चौकशी झाली तर चिडू नका. चांगली माणसं तेही बघतातच.

खासगी अहवाल म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करून सरकारी तपासणीला जावं लागतं. तिथली ‘इसा’ ही मोजपट्टी ४० प्रश्नांची, ७०च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही. ती बरीचशी वरवर दिसणाऱ्या वागण्यावर चालते, तेव्हा आम्ही टिकलीकडे बघणारे तिच्यात बसूच असं नाही. ऑफिसात सांगायची घाई करू नका. बाकी धीर धरा, झोप नीट घ्या वगैरे सगळे सांगतातच.

दुसरा अहवाल आल्यावर मी पहिल्या क्लिनिकमध्ये फी परत मागितली. रिसेप्शनवरून उत्तर आलं, ‘मॅडम, सेशन तर झालं ना!’ म्हणून म्हणते, जे विचारायचं ते पैसे भरायच्या आधी विचारा. आणि तुमच्याबद्दल कुणी तुमच्या नवऱ्याशी बोलायला लागलं, तर तिथेच उठा.