शाळेच्या वेळेला दुखणारं पोट

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०२४ साली तो निकाल ९९.०१ टक्के लागला. आमच्या कणकवलीत पेढे वाटले जातात, आणि मुलांच्या मेहनतीचं ते कौतुक रास्तच आहे. पण जिथे शंभरातली नव्याण्णव मुलं पास होतात, तिथे मुलाला उरलेला तो एक आपणच असू, ही धास्ती असते. माझी मुलगी दहावीला गेली तेव्हा ही धास्ती आमच्या घरात शिरली, पोटदुखीच्या रूपाने.

गणवेश घालून झाला की सुरू, "आई, पोटात दुखता." ताटातलं घावन तसंच गार व्हायचं. दुपारपर्यंत दुखणं गायब, रविवारी तर नावही नाही. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली असतली," आणि मीठमिरच्या ओवाळल्या. सोनोग्राफी झाली, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. रिपोर्ट चांगले आल्यावर एक नातेवाईक तिच्यासमोरच म्हणाले, "नाटकां करता." हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. पोट खरंच दुखत असतं. माणूस घाबरला की शरीर पचनाचं काम मागे टाकतं आणि रक्त हातापायांकडे वळवतं. म्हणून मळमळतं, छाती धडधडते.

सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सुट्ट्यांनी. घरी राहिलं की पोट थांबायचं, म्हणून घरी राहणं हेच औषध वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड व्हायची. टाळल्याने भीती पोसली जाते, हे मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं. फरफटत नेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. वर्गशिक्षिकांशी बोलून आम्ही ठरवलं : आधी नुसतं ग्रंथालयात बसायचं, मग मराठीचा तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. गणित सगळ्यात शेवटी. धडधड वाढली तर पळायचं नाही, श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा. चढलेली भीती आपोआप उतरते, हे तिला स्वतःला कळेपर्यंत आमचं समजावणं वायाच जात होतं.

बोलायचं असेल तर मुलांना समोर बसवून जाब विचारल्यासारखं बोलू नका. आमच्या गप्पा स्कूटरवर, जानवलीच्या पुलावरून जाताना व्हायच्या. मागे बसलेलं मूल जास्त मोकळं बोलतं. "काही होणार नाही गो" म्हणण्यापेक्षा "भीती वाटतेय ना? मग आज कुठपर्यंत जमेल?" हे विचारा. "किती पडले?" हा प्रश्न शेजाऱ्यांनाही विचारू देऊ नका.

झोप, जेवण, मैत्रिणी सुटत चालल्या आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर तज्ज्ञांकडे जा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसं मनात भरत नाही. सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. हा फोन पालकांनीही करायचा असतो. क्रमांक आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा.