एकाच बिळात दोन बिऱ्हाडे

पोर्तुगालच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात अझोर्स नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील ग्रासिओझा बेटाजवळच्या खडकाळ, लहानशा बेटांवर एक चिमुकला समुद्रपक्षी अंडी घालण्यासाठी येतो. त्यास वादळी पाखरू म्हणतात. त्याचा रंग काळपट असून शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. त्याचे बहुतेक आयुष्य समुद्रावरच जाते. विणीच्या काळात मात्र ते रात्रीच्या अंधारात जमिनीवर उतरते आणि बिळात किंवा कपारीत एकच अंडे घालते.

येथे एक नवल दिसून येते. या पाखरांच्या एका थव्याची वीण उन्हाळ्यात होते, तर दुसऱ्याची थंडीत. एकाने बिऱ्हाड हलवावे आणि दुसऱ्याने त्याच बिळात थाटावे, असेही घडते. दिसावयास दोन्ही थवे जवळजवळ सारखेच. मग ही जात एक की दोन?

लुईस मोंतेइरो या संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. १९९९ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. परंतु इतरांनी ते कार्य पुढे चालविले. उन्हाळी पाखरे हिवाळी पाखरांच्या हाकेला दाद देत नाहीत, असे आढळले. आईबापांकडून पिलांस मिळणारी जनुकेही तपासण्यात आली. त्यांत स्पष्ट भेद दिसला. अखेर २००८ साली उन्हाळी पाखरांस स्वतंत्र जात मानून मोंतेइरो यांचे नाव देण्यात आले.

पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवरही अशा पाखरांचे दोन हंगामी थवे आहेत. तेथे मात्र जनुकांतील भेद अगदी अल्प आढळला. म्हणून ते थवे परस्परांत मिसळतातच, असे म्हणावे काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. अल्प भेदाची कारणे दोन असू शकतात. काही पाखरे हंगाम चुकवून दुसऱ्या थव्यात जोडीदार शोधत असतील. अशी थोडी पाखरेही भेद पुसून टाकण्यास पुरतात. किंवा थवे पूर्णपणे विभक्त झाले असतील, पण अलीकडेच. कालच वेगळ्या झालेल्या दोन भावांच्या घरची बोली आजच निराळी कशी होणार? शिवाय थवा मोठा असला, तर बदल आणखी सावकाश होतो.

म्हणून केवळ जनुकांवर विसंबून भागत नाही. पायांत कडी घालून तेच पाखरू दुसऱ्या हंगामात येते का, हे पाहावे लागते. हाकाही ताडून पाहाव्या लागतात.

हा विचार व्यर्थ नव्हे. मोंतेइरोंच्या पाखरांच्या अवघ्या काही शे जोड्या उरल्या आहेत. दोन्ही थवे एकच समजून मोजले असते, तर ही जात नाहीशी होत असतानाही कोणाच्या ध्यानात आले नसते. अल्प भेद दिसला म्हणून भेद नाहीच, असे मानू नये; आणि पुराव्यावाचून तो आहेच, असेही म्हणू नये.

शब्दार्थ : वीण – अंडी घालून पिले वाढविणे. विभक्त – वेगळा झालेला. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे.

स्वाध्याय
१. अझोर्स बेटांवर कोणते नवल दिसून येते?
२. जनुकांतील अल्प भेदाची दोन कारणे तुमच्या शब्दांत सांगा.
३. वाक्यात उपयोग करा : दाद देणे, ध्यानात येणे, विसंबून असणे.