शाळेच्या संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकताना

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तुमची शाळा आर्वीला असो की हिंगणघाटला, तिथल्या संगणकांवर उबंटू 18.04 किंवा 20.04 असेल तर हा पाठ तुमच्यासाठी आहे. 18.04 ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती 2023 च्या मे महिन्यात थांबली आणि 20.04 ची 2025 च्या मे महिन्यात. संगणक त्यानंतरही सुरू होतो, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. पण याच यंत्रांवर आपण मुलांचे आधार क्रमांक आणि यू-डायसचे पासवर्ड टाकतो ना!

मग सरळ 24.04 वर उडी मारायची का? तसं होत नाही. दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि मधली पायरी गाळता येत नाही. 18.04 वरून आधी 20.04, मग 22.04, मग 24.04. प्रत्येक पायरीला एक-दोन जीबी डाउनलोड सहज लागतं. दहा संगणकांचा हिशेब तुम्हीच करा.

त्यात मधेच लाईन गेली तर? लिनक्स म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजेस. अर्धी नवी, अर्धी जुनी राहिली की संगणक अडून बसतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नका. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' हा आदेश (इंग्रजी अक्षरांत) दिला की राहिलेलं काम बरेचदा पुढे सरकतं. तरी यूपीएस नसेल तर डेस्कटॉपला हात लावूच नये.

माझं मत विचाराल तर, दोन-तीन पायऱ्या मागे असलेल्या यंत्रावर नव्यानेच प्रणाली टाका. 24.04 ची फाइल जवळपास 6 जीबीची आहे, म्हणून पेनड्राइव्ह 8 जीबीचा घ्या. एकदा उतरवली की सगळ्या संगणकांना तीच चालते. मात्र यंत्र आधी तपासा. 4 जीबी रॅम हवी. 2 जीबीच असेल तर लुबंटू बरा. 32 बिटचं यंत्र असेल तर उबंटूचा रस्ता 18.04 लाच संपतो, तिथे डेबियन 12 बघा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. नव्याने टाकताना डिस्क पुसली जाते, म्हणून मुलांच्या फाइली आधी बाहेर काढतोच आपण. फॉन्ट मात्र राहून जातात. युनिकोडमधला मजकूर कुठेही उघडतो, पण जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेवमध्ये असतील तर त्या फॉन्टशिवाय कागदावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. होम फोल्डरमधलं फॉन्टचं फोल्डर लपलेलं असतं. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. तेही कॉपी करा. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मात्र नंतर सेटिंगमधून पुन्हा जोडावा लागतो.

सुरुवात एकाच संगणकापासून करा. त्यावर आठवडाभर प्रिंटर, प्रोजेक्टर आणि मराठी टायपिंग चालवून बघा, मग बाकीचे घ्या. आणि हे काम परीक्षेच्या आठवड्यात काढू नका.