दगडाची साक्ष आणि शास्त्राची साक्ष
(मंडळीतील अभ्यासवर्गाकरिता पाठ)

थळच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी उभे राहिले असता समोर खांदेरी व उंदेरी ही बेटे दिसतात, आणि पाणी मागे सरले म्हणजे काळ्या दगडाचे खडप उघडे पडते. अशा ठिकाणी शाळेत जाणारा एखादा मुलगा उपदेशकास विचारतो, "मास्तर, हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे असे म्हणतात, आणि देवाने सर्व काही सहा दिवसांत केले असे आपण रविवारी ऐकले. मग यांत खोटे कोण?" हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक मंडळीत येणार आहे. जो उपदेशक त्यास दरडावून गप्प बसवितो, तो त्या मुलास एकतर शाळेपासून तोडतो किंवा मंडळीपासून. याकरिता या आठवडी आपण या विषयाचा शांतपणे विचार करू. आरंभी वर्गात उत्पत्तीचा पहिला अध्याय व एकोणिसावे स्तोत्र वाचावे.

१. दगड काय सांगतो

कोकणचा हा काळा दगड पृथ्वीच्या पोटातून तप्त रसाच्या रूपाने वर आला व थंड होऊन घट्ट झाला. या किनाऱ्यापासून सह्याद्री ओलांडून थेट नागपुरापर्यंत त्याचे थरावर थर पसरलेले आहेत. त्याचे वय विद्वान लोक अंदाजाने सांगत नाहीत. दगडातील पोटॅशियमचा एक प्रकार ठरलेल्या गतीने झिजत असतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो, आणि त्याचा काही अंश आर्गॉन नावाचा वायू होऊन दगडातच अडकून राहतो. समईतील तेल किती जळाले हे पाहून ती केव्हा लावली हे जसे सांगता येते, तसे हे आहे. निरनिराळ्या ठिकाणचे दगड निरनिराळ्या रीतींनी तपासले असता मुख्य थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे निघते.

कोणी म्हणेल, हे सर्व नोहाच्या जलप्रलयात झाले. तर थळाहून उत्तरेस, समुद्रापलीकडे मुंबईत वरळीची टेकडी आहे तिकडे पाहावे. तेथे अग्निरसाच्या थरांमध्ये प्राचीन तळ्याचा गाळ सापडला, व त्या गाळात लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज विद्वानाने १८४७ साली त्यांस नाव दिले. विचार करा: अग्निरस आला, तो निवला, त्यावर पाणी साचले, त्यात बेडूक उपजले व मेले, आणि मग पुन्हा अग्निरस वाहिला. एका वर्षाच्या पुरात हे घडणे शक्य नाही.

२. दगड फोडणारा मिशनरी

हे काम केवळ देव न मानणाऱ्या लोकांनी केले असे कोणी समजू नये. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी तेथे शाळा काढली, सुवार्ता सांगितली, आणि प्रवासात हातोडी घेऊन दगडही फोडले. अग्निरसाच्या थरांमधील शिंपले व वनस्पती, आणि कोळशाच्या प्रदेशातील पानांचे ठसे त्यांनी गोळा केले. आपले सोबती रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला नागपूरच्या भूगर्भाविषयीचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रात छापला गेला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळ रात्री ओढा उतरताना ते बुडून मरण पावले. तोपर्यंत त्यांनी मिशनचे काम सोडले नव्हते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव चालविते. ज्या दगडांत जगाचे प्राचीनत्व लिहिले होते, ते दगड त्यांनी लपविले नाहीत.

३. शास्त्र काय सांगत नाही

आता पवित्र शास्त्राकडे वळू. थळाच्या शेजारीच नवगाव आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज याच किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. या लोकांच्या पंचांगात वर्षे जगाच्या उत्पत्तीपासून मोजली जातात. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांचे ५७८६ वे वर्ष लागले. या हिशेबाने उत्पत्ती ख्रिस्तापूर्वी ३७६१ साली झाली. परंतु आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी त्याच वंशावळ्या वाचून १६५० साली उत्पत्तीचे वर्ष ख्रिस्तापूर्वी ४००४ हे ठरविले, व ते पुढे इंग्रजी बायबलाच्या समासात छापले जाऊ लागले. ग्रंथ एक, वंशावळ्या त्याच, आणि हिशेबांत २४३ वर्षांचे अंतर! यावरून काय दिसते? हे आकडे शास्त्राने दिलेले नाहीत. मनुष्यांनी बेरीज करून समासात लिहिलेले आहेत. समासातील आकड्यासाठी विश्वास पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.

आणखी असे की, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी दिसतो, पण संध्याकाळ व सकाळ पहिल्या दिवसापासून आहेत. पाचव्या शतकात आगस्तीन यांनी या दिवसांचा पुष्कळ विचार केला व ते आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे म्हटले. आकाश व पृथ्वी यांविषयी ख्रिस्ती मनुष्य अज्ञानाने बोलला तर ऐकणारे शास्त्रालाही हसतील, असा इशाराही त्यांनी दिला. त्या वेळी डार्विनचे नाव कोणी ऐकले नव्हते.

मग तो अध्याय आपणांस काय शिकवितो? जग आपोआप मालक होऊन बसलेले नाही. त्याला कर्ता आहे. सूर्य व चंद्र हे देव नव्हत. आणि सर्व मनुष्ये देवाच्या प्रतिरूपाची आहेत, कोणी उच्च व कोणी नीच जन्मास आलेला नाही. ज्यांच्या आजोबांस गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्यांस ही शिकवण किती मोलाची आहे हे सांगावयास नको. तिला दगडाच्या वयाने काही बाध येत नाही. जो विद्वान दगड जुना आहे एवढ्यावरून देव नाही असे म्हणतो, तोही आपल्या मापाबाहेर बोलतो.

४. राज्यसत्तेचा हात

हा वाद घरापुरता राहत नाही, तो सरकारदरबारी जातो. अमेरिकेत टेनेसी प्रांताने १९२५ साली कायदा करून मनुष्याच्या उत्क्रांतीचा पाठ सरकारी शाळांत बंद केला, आणि जॉन स्कोप्स या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. तो कायदा १९६७ साली रद्द झाला. पुढे १९८७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, उत्क्रांतीबरोबर सृष्टिनिर्मितीचा सिद्धांत शिकविण्याची सक्ती सरकारी शाळांवर करता येत नाही.

आपल्याकडेही असे झाले. जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका वैदिक संमेलनाच्या वेळी केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचे मत विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचे असून ते अभ्यासक्रमातून बदलले पाहिजे असे सांगितले. वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिले नाही, हे त्यांचे कारण. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याचा निषेध केला, व त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांस अशी विधाने न करण्यास सांगितले. पुढे २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचे पाहून १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. तो विषय बारावीत आहे, असे उत्तर मिळाले. परंतु बारावीत जीवशास्त्र घेणारी मुले किती? महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच पाठ होता.

कोणी ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, डार्विन गेला, बरे झाले. आम्ही त्यास विचारतो, बंधो, त्याच्या जागी कोण बसणार? त्याच मंत्र्यांनी २०१९ साली लोकसभेत, आपण ऋषींची संताने आहोत असे सांगितले. सरकार एकदा विज्ञानाच्या पुस्तकात धर्मग्रंथ घालू लागले, तर तो ग्रंथ थोड्यांचा नसून पुष्कळांचा असेल. आपण गावात चार घरांची मंडळी. शाळेचे पुस्तक तपासून पाहता येईल अशाच गोष्टींना धरून राहिले, तरच त्यात आपल्या मुलांचेही हित आहे.

५. उपदेशकाने काय करावे

पहिले, जे विज्ञान म्हणत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये. आजच्या माकडाचा मनुष्य झाला असे ते म्हणत नाही. दोघांचे फार प्राचीन पूर्वज एक होते असे म्हणते. दुसरे, कोणी पाहिले नाही हे कारण सांगू नये. उत्पत्तीचा पहिला दिवसही कोणी मनुष्याने पाहिला नाही. तिसरे, हा विषय पोथीतलाच आहे असे समजू नये. क्षयरोग्याने औषध अर्धवट सोडले असता जे जंतू औषधाला दाद देत नाहीत तेच वाचतात व वाढतात, आणि मग ते औषध निरुपयोगी होते. हीच निवड डार्विनने वर्णिली. परिचारिका औषध पुरे करा म्हणून विनविते, तेव्हा या ज्ञानावरच कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

आणि त्या मुलास सांगावे, "बाळा, खोटे कोणीच नाही. दगड किती जुना हे दगडास विचार. तो कोणाचा, आणि तू कोणाचा, हे शास्त्रास विचार. उद्या शाळेत जा, नीट अभ्यास कर, आणि रविवारी प्रार्थनेस ये."

वर्गाकरिता प्रश्न

१. उत्पत्तीच्या वर्षाविषयी दोन हिशेब वेगळे का येतात?
२. हिस्लॉप यांच्या उदाहरणावरून आपण काय शिकतो?
३. शाळेच्या पुस्तकातून एखादा पाठ सरकारने काढला, तर आपल्या मंडळीने आनंद करावा काय? कारणे सांगा.
४. आपल्या गावातील एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला आहे काय? त्यास काय उत्तर दिले गेले?