मधुमेह, श्रम आणि स्नायूंचा थकवा

मधुमेह हा शहरातील, बैठे काम करणाऱ्या स्थूल माणसांचा रोग होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत हा समज विशेष घातक ठरू शकतो. येथील वारली, कातकरी, कोकणा व ठाकूर कुटुंबे पावसाळ्यात नागली-वरईची शेती करतात आणि दिवाळीनंतर त्यांतील अनेक वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. अशा कृश, कष्टकरी माणसाने हातपाय गळून गेल्याची तक्रार केली, तर ते कष्टाचे किंवा अपुऱ्या अन्नाचे फळ मानले जाते. रक्तातील साखर तपासावी, हे क्वचितच कोणाला सुचते.

कुपोषण आणि मधुमेह

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्या सुमारास जन्मलेली आणि वाचलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. याच सुमारास, १९९३ मध्ये, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांशी तुलना करता त्यांचे स्नायू बरेच कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाल्यातील उणीव पुढे मधुमेहाला वाट करून देते, हा विचार अशा अभ्यासांतून दृढ झाला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. अशा रुग्णाच्या शरीरात इन्शुलिन फार कमी तयार होते.

स्नायू का थकतात?

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. यासाठी इन्शुलिन लागते. ते अपुरे पडले की रक्तात साखर साचते. स्नायू मात्र उपाशी राहतो. पुढे शरीर स्नायूंतील प्रथिनेच मोडू लागते. लघवीवाटे साखर व पाणी जाते, वजन घटते. रोग जुना झाला की रक्तवाहिन्या व मज्जातंतूही दुबळे होतात. याला रक्तक्षयाची जोड मिळाली, तर थकवा दुणावतो. हा थकवा विश्रांतीने पुरता जात नाही.

तथापि, काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो आणि श्रमानंतर साधारण एक दिवस इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. व्यायामाचे महत्त्व ते यातच.

श्रम आहेत, मग व्यायाम कशाला?

शेतीचे श्रम हंगामी असतात. शरीराला हवे असते सातत्य. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असे प्रौढांसाठी प्रमाण आहे. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये. थकलेल्या रुग्णाने दहा मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू वेळ वाढवावा. कृश रुग्णाने मात्र प्रथम उपचार व पुरेसा आहार यांची सोय करावी. भाकरीबरोबर डाळ, कुळीथ, अंडी किंवा मासळी असल्यास स्नायू भरून येण्यास मदत होते. उपाशीपोटी केलेला व्यायाम त्याला अपायकारक ठरू शकतो.

इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यास श्रम करताना घाम, थरथर, चक्कर जाणवल्यास काम तत्काळ थांबवून तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये. त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. पाय बधिर झालेल्या रुग्णाने अनवाणी चालू नये. तळपाय रोज तपासावेत. छातीत दुखणे किंवा धाप लागणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची खूण होय.

आपण काय करू शकतो?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांत आहे. स्थलांतरापूर्वी ही तपासणी पाड्यावर व्हावी आणि रुग्णाजवळ पुरेशी औषधे व नोंदपत्रक असावे, याकडे ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने लक्ष द्यावे. सामूहिक कामाच्या ठिकाणी साखर किंवा गूळ ठेवणे कठीण नाही. वजन घटणे, वारंवार लघवी, अतितहान आणि न जाणारा थकवा ही लक्षणे शिक्षकांनी पालकसभेत समजावून सांगावीत.

कामावर मागे पडणाऱ्या कृश मजुरास आळशी ठरविणे सोपे असते. त्यापूर्वी त्याच्या रक्ताचा एक थेंब तपासला, तर कदाचित त्याचे स्नायू, त्याची रोजी आणि त्याचे आयुष्य वाचविता येईल.