महाळुंग्यात घर घ्यावं का?

प्रश्न : माझी नोकरी हिंजवडीत आहे. महाळुंग्यात (ता. मुळशी) फ्लॅट घेण्याचा विचार आहे. काय पाहून ठरवावं?

उत्तर : महाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण हद्द बदलली म्हणून नळाला लगेच पुरेसं पाणी येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये जवळच्या सोसायटीत जा आणि टँकरचा महिन्याचा खर्च विचारा. तो मेंटेनन्समधूनच जातो, त्यामुळे हप्त्याच्या हिशेबात धरा.

कागद नीट तपासा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घालून मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि दावे पाहा. भाव कार्पेट क्षेत्रावरच बोला. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका; कायदा तुमच्या बाजूने आहे. इथे पीएमआरडीएची महाळुंगे-माण नगररचना योजना आहे. जमीन त्यात येत असेल, तर सातबाऱ्यासोबत अंतिम भूखंडाचा क्रमांकही वकिलाकडून जुळवून घ्या. मुळा नदीजवळच्या इमारतीसाठी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

नोकरी जवळ आहे, हा मोठा फायदा. तरीही सोमवारी सकाळी नऊला स्वतः गाडी काढून ऑफिस गाठून पाहा. रविवारच्या साइट व्हिजिटला रस्ते मोकळेच असतात. शाळा, दवाखाना आणि पीएमपीचा थांबा पायी किती लांब आहे, तेही मोजा.

पाणी, कागद आणि रस्ता या तिन्हींची खात्री पटली तर जरूर घ्या. एकाचीही शंका उरली, तर तूर्त भाड्याने राहणंच शहाणपणाचं.